मगदूम अण्णा आणि चि. बिस्किट

निपाणीत अण्णांच्या दारावरच्या पाटीवर ‘इंग्रजी, मराठी, कन्नड’ एवढंच लिहिलेलं होतं. त्याखाली कधीकाळी ‘टायपिंग’ असा शब्द होता. तो उन्हापावसानं पुसून गेला आणि अण्णांनी पुन्हा रंगवून घेतला नाही. “ज्याला टायपिंग पाहिजे त्यो विचारत येतोयच की,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वर्षातून एकदा-दोनदा कुणीतरी आपल्या पोराला भाषांची शिकवणी लावायला घेऊन यायचं. अण्णा त्यांना परत पाठवायचे नाहीत. पोराला सरळ मशीनवर बसवायचे आणि बापाला सांगायचे, “तिन्ही भाषा बोटात येतील. तोंडाचं काय सांगत न्हाय.”

मी बोरगावहून बसनं यायची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. पोरगी टायपिंग शिकली तर कुठंतरी चिकटेल, एवढाच वडिलांचा विचार. पहिल्याच दिवशी अण्णांनी माझं खोडरबर काढून घेतलं आणि भिंतीतल्या कपाटात टाकून कुलूप लावलं. त्या कपाटात कित्येक वर्षांची खोडरबरं साठलेली होती.

“सुनंदे, चुकायचं असलं तर सावकाश चूक,” ते म्हणाले. “घाईनं चुकलेलं मला वाचता येत न्हाय.”

पांढरा शर्ट, पांढरी विजार, आणि दोन्हींवर आयुष्यात कधी डाग नाही. क्लासातल्या सातही मशीनना आक्कांनी शिवलेली निळ्या कापडाची आवरणं होती. आक्का म्हणजे अण्णांच्या बायको. घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारं, म्हणून क्लास साडेपाचला बंद. बंद करताना अण्णा एकेका मशीनला आवरण घालायचे, कोपरे सरळ करायचे, आणि मगच स्वयंपाकघरात जायचे. फरशी दोनदा झाडलेली असायची. कागदाला डाव्या बाजूला मोकळी जागा सोडली नाही, तर मजकूर कितीही चांगला असो, ते पान उलटं करून परत द्यायचे.

त्यांची बोटं मात्र त्यांच्या ताब्यात नव्हती. जिथं टेकतील तिथं ती टाईप करायची. जेवायच्या ताटावर, बसच्या दांडीवर. एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, ती पुढच्या खुर्चीत बसलेल्या नवरीच्या मामाच्या पाठीवर चालू लागली. मामा वळून म्हणाला, “काय पायजे?”

“काय न्हाय, काय न्हाय,” अण्णा म्हणाले. “तुमचं नाव चांगलं उठलंय.”

बारावीनंतर बेळगावच्या कॉलेजात प्रवेशाची तारीख माझ्या हातून गेली होती. वडील म्हणाले, झालं ते झालं. अण्णांनी मशीनचं आवरण काढलं आणि प्राचार्यांच्या नावे दोन पानी विनंती अर्ज टाईप केला. त्यात एक वाक्य होतं: ‘सदर मुलगी हुशार असून, ही बाब अद्याप तिच्या निदर्शनास आलेली नाही.’ ऑफिसातल्या बाईंनी ते मोठ्यानं वाचलं, हसता हसता डोळे पुसले आणि मला आत बोलावलं. आज मी बेळगावात त्याच प्रकारच्या एका ऑफिसात बसते. त्या अर्जाची कार्बन कॉपी माझ्याकडं आहे.

पुढं संगणक आले आणि क्लास ओस पडला. अण्णा तरी रोज सकाळी सातही आवरणं काढायचे, मशीनना तेल द्यायचे आणि संध्याकाळी आवरणं घालायचे. आक्का म्हणायच्या, “सात म्हशी पाळल्या असत्या तर दूध तरी आलं असतं.”

अशात त्यांची भाची वैशाली बेंगळुरूहून आली. ती नवऱ्याच्या नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलीचं, मिहिकाचं, एक पिल्लू मागं राहणार होतं. पिल्लू म्हणजे कासव. आपल्याकडचं कासव घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. हे परदेशी जातीचं होतं आणि त्याच्या नोंदणीचे कागद होते. कागद आहेत म्हटल्यावर अण्णांनी अर्धा होकार तिथंच दिला.

कासव बेसनाच्या लाडवाएवढं होतं. काळसर पाठ, तिच्यावर पिवळे फराटे. पोटाखालच्या कवचाला बिजागरी होती, त्यामुळे घाबरलं की ते पुढूनमागून दार लावून घेऊन पेटीसारखं बंद व्हायचं. मिहिकानं त्याचं नाव बिस्किट ठेवलं होतं.

“आज्जा, ते मरणार नाही ना?” तिनं विचारलं.

दुसरा कुणी असता तर नाही गं बाळ म्हणाला असता. अण्णांनी मशीनवर कागद चढवला. ‘मी खाली सही करणार लिहून देतो की, चि. बिस्किट याचा सांभाळ मी जातीनं करीन व नाताळच्या सुट्टीत त्यास सुस्थितीत मालकिणीस दाखवीन.’ खाली सही. मिहिकानं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि समाधानानं विमानात बसली. इकडं अण्णांची झोप उडाली.

मी रविवारी माहेरी बोरगावला आले की निपाणीला अण्णांकडं डोकावायची. त्या रविवारी पाहते तो अण्णा पाण्यानं भरलेल्या परातीपुढं बसलेले, आणि बिस्किट परातीच्या काठाला पुढचे दोन पाय टेकून बाहेर यायची पराकाष्ठा करतंय.

“कासव म्हंजे पाण्यातलंच की,” अण्णा म्हणाले. “पर ह्ये पोहायचं नावच घेत न्हाय.”

वैशालीनं सूचनांचे चार इंग्रजी कागद ठेवले होते. ते मी वाचले. हे जमिनीवर राहणारं कासव होतं. त्याला पाणी पाहिजे ते उथळ ताटलीत, प्यायला आणि पाय भिजवायला. बाकी राहायला ओलसर माती, लपायला जागा, अंगावर कोवळं ऊन. अण्णांनी त्याच दिवशी चारही कागदांचं मराठी करून, कलमं पाडून, तीन प्रतींत टाईप केलं. एक प्रत फायलीत, एक भिंतीवर, एक आक्कांना.

“मला कशाला?” आक्का म्हणाल्या. “मी काय त्याची सून हाय व्हय?”

शेजारचे तात्या कुंपणाच्या भिंतीवरून हे ऐकत होते. तात्यांचं तंबाखूचं गोडाऊन होतं आणि घरामागं केळी. त्यांचं मत स्वच्छ होतं. “अण्णा, कासव हिरीत सोडायचं असतंय. पाणी साफ राहतंय, घरात बरकत येतीया. आमच्या आज्ज्यानं सोडलंतं.”

“त्याचं काय झालं?”

“कुणी बघितलंय? हीर लई खोल हाय.”

अण्णांनी बिस्किटला शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पुढचे आठ दिवस तात्या अंगणात आले की ते खिशावर हात ठेवूनच बोलायचे.

मग घर बांधणं सुरू झालं. एक मशीन भिंतीकडं सरकवून त्या टेबलावर चांगली दीड हात रुंद, तीन हात लांब लाकडी पेटी आली. पेटीच्या एका बाजूला उबेसाठी बल्ब, दुसरी बाजू गार. गरम बाजू किती गरम हे बघायला अण्णांनी आक्कांचा तापाचा थर्मामीटर मातीत खोचला. दर तासाला काढायचा, झटकायचा, चष्मा कपाळावर नेऊन वाचायचा.

“अवो, मातीला काढा द्यायचा झाला तर सांगा,” आक्का आतून म्हणायच्या.

माती हे आक्कांचं खातं होतं. आक्का पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिणाऱ्या. पीठ चाळताना एक किडा सापडला तर त्याला कागदावर घेऊन घरामागच्या परड्यात सोडून येणाऱ्या. त्यांच्या घरात माती येणार म्हटल्यावर ती तशीच कशी येईल? त्यांनी ती तीनदा चाळली. त्यात अकरा गांडुळं निघाली. आक्कांनी ती एक-एक करून केळीच्या पानावर घेतली, भिंतीपलीकडं तात्यांच्या केळींच्या बुडात सोडली आणि वर तांब्याभर गाळलेलं पाणी ओतलं. मग माती उन्हात वाळवली. पेटीत घातली तेव्हा ती रव्यासारखी दिसत होती. वर अण्णांनी पट्टी फिरवून ती सपाट केली आणि चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडली. मधोमध बिस्किट. संध्याकाळी साडेपाचला पेटीवर निळ्या कापडाचं आवरण.

खाणंही त्या घराच्या रीतीनं. पपई, काकडी, भोपळा, कोथिंबीर. दिवस मावळायच्या आत.

“गाजर बी लिहिलंय कागदात,” अण्णा म्हणाले.

“गाजर न्हाय आपल्यात. जमिनीखालचं.”

“ते काय जैन हाय व्हय?”

“अंधार पडल्यावर त्याला खाताना बघितलंय कधी?” आक्कांनी विचारलं. अण्णांनी बघितलं नव्हतं. तो विषय तिथं संपला.

कलम सातमध्ये मात्र लिहिलं होतं की लहान वयात याला मुख्यतः जिवंत गांडुळं, गोगलगायी, किडे लागतात. अण्णांनी ते कलम इमानदारीनं टाईप केलं होतं. आणि तिन्ही प्रतींत त्याच्यावर एक बारीक कागद चिकटवला होता.

दर रविवारी मिहिकाला अहवाल जायचा. अण्णा टाईप करायचे, मी फोननं फोटो काढून पाठवायची. ‘चि. बिस्किट आज सकाळी जागे झाले. पपईचा वास घेतला.’ दुसऱ्या आठवड्यात: ‘पपईचा वास घेतला.’ तिसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा मशीनवर कागद चढवलेला होता. त्यावर ‘चि. बिस्किट यांची प्रकृती’ इतकंच उमटलेलं होतं. अण्णा हात मांडीवर ठेवून बसले होते. बोटं हलत नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांची बोटं गप्प बसलेली पहिल्यांदा पाहिली.

बिस्किट पेटीच्या कोपऱ्यात डोळे मिटून पडलं होतं. वैशालीच्या ओळखीचे बेंगळुरूचे डॉक्टर होते, त्यांना मी फोनवर व्हिडिओ लावून दाखवलं. त्यांनी पाठ अंगठ्यानं हलकेच दाबायला सांगितली. मी दाबली. ती किंचित आत गेली.

“कवच मऊ पडतंय,” डॉक्टर म्हणाले. “काचेतून नाही, खरं ऊन द्या. खाण्यावर कॅल्शियमची भुकटी टाका. पण मुळात हे उपाशी आहे. माती अशी कोरडी का? लपायला पाला कुठाय? आणि गांडुळं देताय ना?”

आक्का दारातून आत वळल्या. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की असं फार दिवस चालणार नाही.

फोन बंद झाल्यावर अण्णा भिंतीजवळ गेले आणि कलम सातवरचा कागद नखानं काढला.

“मी लिहून दिलंय सुनंदे,” ते म्हणाले. “त्या पोरीला मी लिहून दिलंय.”

“मी आणते गांडुळं, अण्णा. आमच्या शेतात ढीग आहेत.”

आतून आक्कांचा आवाज आला. “तुझं तू काय बी आण बाई. पर माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाय. एकाला जगवायला दुसऱ्याला आपल्या हातानं द्यायचं, ते माझ्याच्यानं बघवणार न्हाय.”

हे रागानं नव्हतं. त्या रडत होत्या. आणि अण्णांनाही ते जमणार नव्हतंच.

उंबऱ्याच्या बाहेर म्हणून मी दुसऱ्या दिवशी रजा काढून तात्यांच्या अंगणात हा प्रयोग केला. डब्यात चार गांडुळं. पुढ्यात बिस्किट. तात्या, त्यांचे दोन हमाल आणि भिंतीपलीकडं टाचा उंचावून अण्णा. एवढे डोळे बघून बिस्किटनं पुढूनमागून दार लावून घेतलं. आम्ही पाऊण तास थांबलो. तेवढ्यात चारही गांडुळं डब्यातून उतरून आपापल्या कामाला निघून गेली.

“ह्येच्यापेक्षा हीर बरी,” तात्या म्हणाले. आणि मग केळींकडं बोट दाखवून, “न्हायतर आक्कांनी दिलेली अकरा हाईत की हितं. लई लठ्ठ झाल्यात. परत न्या.”

“दिलेलं परत घेत न्हाय आम्ही!” भिंतीपलीकडून आक्का.

अण्णा मात्र केळींच्या बुडाकडं बघत राहिले. तिथं वाळकी पानं कुजून गुडघाभर थर झाला होता. खाली ओल. तात्यांनी जन्मात तिथं झाडू मारला नव्हता. अण्णांनी वळसा घालून अलीकडं येऊन एक पान उचललं. खाली काहीतरी वळवळलं, पळालं, उडालं. अण्णांनी पान होतं तसं परत ठेवलं.

“तात्या, ह्ये तुम्ही आणलं?”

“काय?”

“ही वस्ती.”

“मी कशाला आणू? घाण केली की आपोआप येतंय सगळं.”

आयुष्यभर जो माणूस कागदावरचा एक ठिपका सहन करत नव्हता, त्यानं त्या दुपारी आपल्या परड्यात घाण करायला घेतली. भिंतीलगत तीन बाजूंनी विटा उभ्या केल्या, बिस्किट खालून उकरून पळू नये म्हणून विटा वीतभर जमिनीत गाडल्या. कावळ्या-मांजरांसाठी वर जाळी. अर्ध्या भागावर सकाळचं ऊन, अर्ध्यावर पेरूची सावली. आडवं फुटकं मडकं अर्धं मातीत पुरलं, ते लपायचं घर. कुंडीखालची ताटली, ते तळं. न चाळलेली माती. आणि पाला, पोत्यांनी पाला. गल्ली झाडणाऱ्या बायांना अण्णांनी सांगून ठेवलं. त्या हसत पोती आणून द्यायच्या. तात्यांनीही एक पोतं पाठवलं. अण्णांनी वास घेतला आणि तीनदा शिंकले.

“तंबाखूचा पाला पाठवलासा व्हय, तात्या? त्याला आता व्यसन लावा!”

खरी वाटाघाट आक्कांशी झाली. मी साक्षीला होते. अण्णा म्हणाले, “आपण कुणाला आणायचं न्हाय. कुणाला धरून कुणाच्या तोंडात द्यायचं न्हाय. नुसतं झाडायचं न्हाय, चाळायचं न्हाय. येणाऱ्याला अडवायचं न्हाय.”

“मी बोलावणार न्हाय,” आक्का म्हणाल्या. “हाकलणार बी न्हाय. आणि बघणार तर मुळीच न्हाय.”

पाल्यावर रोज झारीनं पाणी. रोज सकाळी अण्णांचा हात केरसुणीकडं जायचा आणि परत यायचा. आक्कांनी केरसुणी माळ्यावर टाकली. दोन आठवडे काही झालं नाही. बिस्किट मडक्यात, अण्णा मडक्याबाहेर. मशीनवरचा कागद तसाच चढवलेला, ‘प्रकृती’पर्यंत.

तिसऱ्या रविवारी रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. मी दारात पोचले तर अण्णा ओठांवर बोट ठेवून उभे. बिस्किट पाल्यावर आलं होतं. मान लांब करून एका पानाकडं बघत होतं. पानाखालून गुलाबी टोक बाहेर आलं. बिस्किटनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं, आणि लाडवाला शोभणार नाही अशा चपळाईनं ते धरलं. दोन्ही पायांनी रेटा देऊन मागं ओढलं, उताणं पडता पडता सावरलं आणि गिळलं.

अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. माझ्या मागं आक्का भिंतीकडं तोंड करून नवकार मंत्र म्हणत होत्या.

“झालं का गं?” आक्कांनी न वळता विचारलं.

“झालं.”

“सगळं खाल्लं?”

“सगळं.”

“बरं झालं बाई,” आक्का म्हणाल्या, आणि पुन्हा नवकार सुरू केला. या खेपेला गांडुळासाठी.

अण्णा आत गेले. मशीनची घंटा वाजली, तेव्हा मी जाऊन पाहिलं. ‘चि. बिस्किट यांची प्रकृती सुधारत असून ते आता स्वतः कमावून जेवतात.’

नाताळात मिहिका आली. अण्णा शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून परड्यात उभे होते, परीक्षक आल्यावर आम्ही क्लासात उभे राहायचो तसे. तिनं मडक्यात हात घालून बिस्किटला काढलं, आईनं शिकवल्याप्रमाणे पाठ अंगठ्यानं दाबली, पुन्हा दाबली. पर्समधून घडी केलेला कागद काढून वाचला. मग म्हणाली, “पास.” बिस्किट तिथंच राहावं हेही तिनंच ठरवलं, तिच्या जर्मनीतल्या घराला गॅलरी होती, परडं नव्हतं.

पुढच्या वैशाखात अण्णा गेले, झोपेत. बिस्किट आता आक्कांकडं आहे आणि चांगलं वाटीएवढं झालंय. आक्का स्वतः पाल्याची पोती ओततात, वर पाणी मारतात आणि तोंड फिरवून उभ्या राहतात.

मी अण्णांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी महिनाभर. परड्यात गेले तर ते पोतं अंथरून पालथे पडले होते, हनुवटी जमिनीला टेकलेली. पांढऱ्या शर्टाला कोपरापर्यंत माती, केसांत पेरूचं वाळकं पान. नाकापासून वीतभर अंतरावर बिस्किट, मान ताणून. दोघं एकमेकांकडं बघत होते. मी हाक मारली. अण्णांनी पाठीमागून नुसता हात हलवला, थांब म्हणून.

“अवो, चहा गार झाला,” आक्का दारातून म्हणाल्या. “ती पोरगी कवाची उभी हाय.”

कुणीच हललं नाही. मी दहा मिनिटं थांबले. दोघांतलं आधी कोण हललं ते मला माहीत नाही. माझी बस होती.